सातवी वाटी

एका बाजाराच्या गावात एक किराणा दुकान होतं. दुकानाला लागूनच मालकाचं घर. घरात माणसं सहा. मालक, त्याची बायको, म्हातारी आई आणि तीन मुलं. एका वर्षी मृगाच्या तोंडावर तिथे सातवं माणूस आलं. मालकाच्या बहिणीचा मुलगा, सदू. वय अकरा, बरोबर पत्र्याची एक पेटी. वडील आधीच गेले होते, आई त्या उन्हाळ्यात गेली. मामाने पेटी स्वतः उचलली आणि माजघरात आपल्या मुलांच्या पेट्यांच्या रांगेत नेऊन ठेवली.

मामा भला होता. मामीही मनाने वाईट नव्हती, पण तिच्या मागे काम फार. दर रविवारी, बाजाराच्या दिवशी, मामा एक डझन केळी आणायचा. त्या रविवारीही आणली. मामी वाटायला बसली. प्रत्येकाला एकेक दिलं, पाच उरली. केळी पाच आणि माणसं सात. ती हातात केळी धरून जरा थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "सहांत कशी दोन-दोन जायची. आता सरळ वाटणीच होत नाही."

एवढं बोलून ती उठली. उरलेली केळी तिने फडताळात ठेवली आणि चुलीवर उतू चाललेल्या दुधाकडे धावली. सदूने आपल्या हातातलं केळं धाकट्या मामेभावापुढे सरकवलं. भूक नाही म्हणाला.

त्या दिवसापासून तो फारसं काही मागेनासा झाला. शाळेत पाढे म्हणताना साताचा पाढा आला की त्याचा आवाज बारीक व्हायचा.

शाळा सुटली की तो दुकानात येऊन बसायचा. पुड्या बांधायचा, गोण्यांतून सांडलेले दाणे टिपायचा. दुकानात एक म्हातारे दिवाणजी होते. उतरत्या मेजापुढे मांडी घालून ते रोजमेळ लिहीत. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला. बेरीज झाली की ते नवाचा ताळा पाहत आणि तो जुळल्याशिवाय पान उलटत नसत. सदूला ते रद्दीतल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर एखादं गणित घालून देत. मुलगा हुशार आहे, हे त्यांनी चार दिवसांत ओळखलं होतं. तो गप्प आहे, हे तर त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

श्रावणात एका दुपारी पावसाची झड लागली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दिवाणजी म्हणाले, "सदू, एकाला सातने भाग."

सदूने कागदाकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "जात नाही."

"मग उत्तर काय?"

"उत्तर शून्य. बाकी एक."

"बरोबर. पण थांबलास कशाला?"

"बाकी उरली म्हणून."

दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. "रोजमेळात रात्री जी शिल्लक उरते, तिचं आपण काय करतो?"

"दुसऱ्या दिवसाच्या पानावर लिहितो."

"पानावर कुठे?"

"सगळ्यात वर. पहिल्या ओळीत."

"मग इथेही तसंच कर. ती एक बाकी घे, तिच्यावर शून्य दे आणि पुढे चल."

सदूने एकावर शून्य दिलं. दहा झाले. सात एके सात, बाकी तीन. तिनावर शून्य, तीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. दोनावर शून्य, वीस. सात दुणे चौदा, बाकी सहा. सहावर शून्य, साठ. सात आठे छप्पन्न, बाकी चार. चाळीस. सात पंचे पस्तीस, बाकी पाच. पन्नास. सात साते एकोणपन्नास, बाकी एक.

एक. जिथून निघाला तिथेच तो परत आला होता. आता पुन्हा दहा, पुन्हा तीस, पुन्हा वीस. भागाकार कधीच संपणार नव्हता, पण नवीन आकडाही येणार नव्हता. दिवाणजींनी त्याला थांबवलं आणि वर आलेले सहा आकडे वेगळे लिहून घ्यायला सांगितले. १४२८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

"आता याला दोनने गुण."

उत्तर आलं २८५७१४. तिनाने गुणल्यावर आलं ४२८५७१. सदूच्या लक्षात आलं तेव्हा तो गुडघ्यांवर उठून बसला. आकडे तेच होते. त्यांची रांगही तीच होती. फक्त पुढे उभा राहणारा बदलत होता. घाईघाईने त्याने चारने गुणलं, ५७१४२८. पाचने, ७१४२८५. सहाने, ८५७१४२. मंगळागौरीला बायका फेर धरतात, तसं ते सहा जण हात न सोडता फिरत होते.

दिवाणजींनी खडू घेतला आणि फरशीवर एक वाटोळं काढून त्यावर ते सहा आकडे मांडले. "आता समोरासमोरचे मिळव." एकासमोर आठ होता, चारासमोर पाच, दोनासमोर सात. दर वेळी नऊच येत होते.

"हे असं कसं होतं?" सदूने विचारलं. इतक्या दिवसांत त्याने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

दिवाणजींनी भागाकाराचा कागद पुढे ओढला. "उत्तराकडे नको बघू. बाक्यांकडे बघ." त्यांनी बाक्यांवर एकेक बारीक टिंब दिलं. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच. "सातने भागताना उरून उरून किती उरणार? एकपासून सहापर्यंत. त्या सहाही इथे आल्यात. एकही गळलेली नाही आणि एकही दोनदा आलेली नाही. आता तुला दोनाला सातने भागायचं असेल, तर नवा भागाकार कशाला मांडायचा? दोन ही बाकी इथे आहेच. तिच्यापासून पुढे वाचत जा." सदूने वाचलं. दोन, आठ, पाच, सात, एक, चार. तीन या बाकीपासून वाचलं, तर चार, दोन, आठ. गुणाकाराची उत्तरं भागाकारात आधीच लिहून ठेवलेली होती. समोरासमोरच्या बाक्यांची बेरीजही त्याने करून पाहिली. एक आणि सहा, तीन आणि चार, दोन आणि पाच. आकड्यांत जिथे नऊ होत होते, तिथे बाक्यांत सात होत होते.

"आता सातने गुणायचं राहिलं," दिवाणजी म्हणाले.

सदूने पेन्सिल उचलली. मग ती कानावर ठेवली. "उद्या करतो." त्याला वाटलं, सातने फेर मोडणार. सात आला की नीट काही होत नाही, हे त्याने पाहिलेलं होतं. दिवाणजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. आग्रह मात्र केला नाही.

सातने गुणायचं सोडून मग तो बाकी सगळं करत सुटला. तेराने भागून पाहिलं. तिथे बारा बाक्या एका फेरात मावल्या नाहीत. त्यांचे दोन फेर झाले, एक ०७६९२३ चा आणि दुसरा १५३८४६ चा. अकराचा जीव तर दोनच आकड्यांचा. प्रत्येक संख्येला सातासारखं जमत नाही, हे त्याला कळलं. मग दिवाणजींनी सांगितलं, "सतरा करून बघ. पण सवडीने कर."

दिवाळीच्या सुट्टीत दुकानात रवा-मैद्याची झुंबड होती. दिवाणजी पाडव्याला पूजेत ठेवायच्या नव्या वह्यांना पुठ्ठे घालत होते. सदू गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर सतराचा भागाकार करत होता. सतरापर्यंतचे पाढे पाठ असूनही त्याचा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बाकी एक आली तेव्हा त्याने आकडे उतरवून घेतले. ५८८२३५२९४११७६४७. पंधरा आकडे. त्याने दोनने गुणलं आणि त्याचा चेहरा पडला. उत्तर होतं ११७६४७०५८८२३५२९४. सोळा आकडे, आणि मधेच एक शून्य.

तो कागद घेऊन दिवाणजींकडे आला. "हे नाही जमलं. यात एक जास्तीचं आलंय."

दिवाणजींनी कागद लांब धरून वाचला. "हे शून्य कुठून आलं?"

"माहीत नाही. आधी नव्हतंच."

"नव्हतं का? भागाकार पहिल्यापासून बघ."

सदूने पाहिलं. पहिल्याच पायरीला दहात सतरा जात नव्हते, म्हणून त्याने वर शून्य लिहिलं होतं. आकडे उतरवून घेताना ते गाळलं होतं. संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असं शाळेत शिकवलं होतं आणि ते खरंही होतं.

"आलेलं नाही, होतंच. तू त्याला बाहेर ठेवलंस," दिवाणजी म्हणाले. "सोळा जणांच्या फेरात त्याचीही एक जागा आहे. ते पुढे उभं राहिलं की दिसत नाही, एवढंच."

सदूने शून्य परत पहिल्या जागी लिहिलं. ०५८८२३५२९४११७६४७. मग तिनाने गुणलं, चाराने, पाचाने, पार सोळापर्यंत. सोळाही जण हात न सोडता फिरले. संध्याकाळी दारात पणत्या लागल्या तेव्हा त्याची बोटं पेन्सिलीने काळी झाली होती.

त्याच आठवड्यात दिवाणजींनी त्याला आणखी एक गंमत दाखवली. १४२८५७ ला १४२८५७ नेच गुणायला लावलं. फार मोठा गुणाकार, कागद पुरला नाही. उत्तर आलं २०४०८१२२४४९. "आता उजवीकडचे सहा आकडे तोड." उजवीकडे राहिले १२२४४९, डावीकडे २०४०८. "मिळव." सदूने बेरीज केली. १४२८५७. मोडलेले दोन तुकडे जोडले आणि मूळचा आकडा तसाच्या तसा परत उभा राहिला. दिवाणजी म्हणाले, "नाशिकजवळ देवळालीला कापरेकर मास्तर आहेत. अशा संख्या त्यांनी हुडकून काढल्या. पंचेचाळीसचा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. ही त्यातलीच."

ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ मधला. १९३० ते १९६२ एवढी वर्षं ते देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवत होते. विद्यापीठातली खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही. आपले शोध त्यांनी पदरमोड करून छोट्या पुस्तिकांत छापले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष देवळालीकडे गेलं. वर्गाचे दोन तुकडे जोडून मूळ रूपात परत येणाऱ्या या संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. सदूला तेव्हा एवढंच कळलं, की एक शाळामास्तर आपल्यासारखाच कागदाच्या पाठीवर आकडे मांडत बसतो.

कार्तिकातली एक रात्र. घरात निजानीज झाली होती. सदू माजघरात कंदिलापाशी बसला होता. समोर १४२८५७ लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली सात. गुणाकाराची रेघही मारून झाली होती. पेन्सिल पुढे जात नव्हती.

मामी विरजण लावायला उठली होती. तिने पाहिलं. "अजून जागाच? काय आहे एवढं?"

"एक गुणाकार राहिलाय."

"मग कर की. मी थांबते." ती दुधाचं भांडं घेऊन तिथेच टेकली.

आता करावंच लागणार होतं. सदू हळू आवाजात म्हणू लागला. सात साते एकोणपन्नास, नऊ लिहिले, हातचे चार. सात पंचे पस्तीस आणि चार एकोणचाळीस. नऊ, हातचे तीन. सात आठे छप्पन्न आणि तीन एकोणसाठ. नऊ, हातचे पाच. त्याचा आवाज थोडा वर आला. सात दुणे चौदा आणि पाच एकोणीस. नऊ. सात चोक अठ्ठावीस आणि हातचा एक, एकोणतीस. नऊ. सात एके सात, हातचे दोन.

नऊ.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. ९९९९९९.

मामी वाकून बघत होती. शाळा तिने चौथीपर्यंत पाहिली होती. तिने आकड्यांवर एकेक करून बोट ठेवलं. "सगळे नऊच?"

"हो."

"मघाशी म्हणत होतास ते सात, त्या सातामुळे?"

"हो मामी. एकपासून सहापर्यंत कशानेही गुणलं, तर हे सहा जण नुसते फिरत राहतात. सात आला की सगळे भरतात."

मामीने कागद हातात घेतला, कंदिलापाशी नेला आणि पुन्हा एकदा बघितला. केळ्यांचा तो रविवार तिला आठवतही नव्हता. आकड्यांचं तिला फारसं कळलं, असंही नाही. पण इतक्या महिन्यांत हा मुलगा घरात एवढं पहिल्यांदा बोलला, हे तिला कळलं. "झोप आता," ती म्हणाली. जाताना तिने त्याच्या अंगावर वाकळ नीट ओढून दिली.

सकाळी सदूने कागद दिवाणजींच्या मेजावर ठेवला. त्यांनी आधी नवाचा ताळा पाहिला, सवयीने. मग म्हणाले, "यात एक मिळव."

"दहा लाख."

"पुरे दहा लाख. आणि हा एक कुठला?"

सदू विचारात पडला. त्याने पावसातल्या त्या दुपारचा भागाकार आठवून पाहिला. शेवटच्या ओळीतला पन्नास, एकोणपन्नास आणि खाली उरलेला एक. "बाकी," तो म्हणाला. "तीच बाकी."

दिवाणजींनी मान हलवली आणि रोजमेळाचं नवं पान उघडलं. पहिल्या ओळीत त्यांनी कालची शिल्लक लिहिली.

भागाकार शिकताना आपण सगळेच बाकीला खाली, कोपऱ्यात लिहितो. काही उरलं नाही की गणित चांगलं सुटलं असं मानतो, आणि उरलं तर कुठे चुकलं ते शोधतो. पण एकाला सातने भागताना वरचा प्रत्येक आकडा खालच्या बाकीतून निघाला होता. बाकी शून्य झाली असती, तर गणित तिथेच संपलं असतं आणि तो फेर कोणालाच दिसला नसता. सातासारखा एकच मोठा फेर धरणाऱ्या मूळ संख्या शंभराच्या आत नऊ आहेत. सतरा, एकोणीस, तेवीस त्यांतल्याच. त्या पुढे कुठे संपतात की संपतच नाहीत, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. माझ्या मनात त्या प्रश्नाइतकीच ती श्रावणातली दुपार राहते, जेव्हा एका म्हाताऱ्या माणसाने एका पोरक्या मुलाला बाकी घेऊन पुढे चालायला सांगितलं.

रविवारी मामा बाजारातून आला. केळी एक डझनच होती. मामीने ती वाटायला घेतली नाहीत. बाराही सोलून पातेल्यात कुस्करली, वर दूध ओतलं, साखर घातली, वेलदोडा कुटून टाकला. माजघरभर वास सुटला. धाकटा पाटावर उड्या मारायला लागला.

"सदू, वाट्या मांड रे," मामी म्हणाली.

"किती?"

"किती म्हणजे? घरात माणसं किती?"

सदूने फळीवरून वाट्या काढल्या आणि गोल मांडल्या. आजीची, मामाची, मामीची, तिघा मुलांच्या तीन. मग आपली. मामीने पळीने सातही वाट्या सारख्या भरल्या. शिकरण वाटताना कोणाला काही मोजावं लागलं नाही. तरी पातेल्याच्या तळाला थोडं राहिलंच. मामीने पातेलं तिरपं केलं आणि पळी फिरवली.

"एवढं उरलंय," ती म्हणाली. "कोण घेतंय?"

सदूने वाटी पुढे केली.